गिमवी ते पोयांग : शिस्टोसोमियासिसचे नियंत्रण पाण्याकाठीच होते

एचएसआर लेआउट (बेंगळुरू) : होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून नाव पडलेल्या एचएसआर लेआउट या उपनगराच्या कडेला अगरा तलाव आहे. त्यातील जादा पाणी बेळ्ळंदूर तलावात, तेथून वर्तूर तलावात आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीत जाते. या तलावांविषयीची सार्वजनिक चर्चा प्रामुख्याने सांडपाणी, फेस, जलपर्णी आणि गाळ यांभोवती फिरते. तलावाकाठी माणूस, गुरे, मैला आणि गोगलगायी एकत्र आल्यास उद्भवणाऱ्या आजारांचा विचार त्या मानाने कमी होतो. शिस्टोसोमियासिस हा अशा आजारांपैकी जगातील सर्वांत मोठा आजार आहे. बेंगळुरूमध्ये त्याचा मानवी प्रादुर्भाव नाही. तथापि, भारतात या रोगाचे एक स्थानिक केंद्र नोंदले गेले आणि ते महाराष्ट्रात, रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी होते. औषधाने रुग्ण बरा होतो, परंतु रोग हटतो तो पाणवठा बदलल्यावरच, हा या रोगाविरुद्धच्या शतकभराच्या लढ्याचा निष्कर्ष आहे. म्हणूनच त्याची माहिती तलावाकाठच्या प्रत्येक वस्तीला उपयोगी आहे.

रोगाचे स्वरूप

शिस्टोसोमियासिस हा शिस्टोसोमा वंशाच्या चपट्या परजीवी कृमींमुळे होतो. जर्मन वैद्य थिओडोर बिल्हार्झ यांनी १८५१ मध्ये कैरो येथे हे कृमी प्रथम ओळखले. त्यांच्या नावावरून या रोगास बिल्हार्झिया असेही म्हणतात. गोगलगायींमुळे पसरत असल्याने ‘गोगलगाय ताप’ असाही त्याचा उल्लेख होतो. माणसाला बाधा करणाऱ्या प्रमुख जाती तीन आहेत. शिस्टोसोमा हिमॅटोबियम ही जात मूत्राशयाभोवतीच्या रक्तवाहिन्यांत राहते. शिस्टोसोमा मॅन्सोनी आणि शिस्टोसोमा जपोनिकम या जाती आतड्यांच्या रक्तवाहिन्यांत राहतात व यकृताला इजा करतात.

या रोगात खरी हानी प्रौढ कृमींपेक्षा त्यांच्या अंड्यांमुळे होते. मादीने घातलेल्या अंड्यांपैकी काही लघवी किंवा शौचावाटे बाहेर पडतात. उरलेली शरीराच्या ऊतींत अडकतात आणि त्यांच्याभोवती गाठी व व्रण तयार होतात. मूत्रमार्गाच्या प्रकारात लघवीतून रक्त जाणे हे ठळक लक्षण असते. दीर्घकाळ उपचार न झाल्यास मूत्रपिंडाला इजा आणि मूत्राशयाचा कर्करोगही संभवतो. आतड्याच्या प्रकारात पोटदुखी, शौचातून रक्त, यकृत व प्लीहा वाढणे आणि अखेरीस पोटात पाणी साठणे हे टप्पे दिसतात. स्त्रियांच्या जननेंद्रियांतील व्रण बराच काळ दुसऱ्याच आजाराचे समजले जातात. मुलांमध्ये रक्तक्षय, खुंटलेली वाढ आणि अभ्यासातील पीछेहाट हे परिणाम आढळतात. मृत्यूपेक्षा वर्षानुवर्षांची अशक्तता हा या रोगाचा मोठा आघात आहे आणि तो बहुतांशी गरिबांच्या वाट्याला येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये जगातील किमान २५ कोटी १४ लाख लोकांना या रोगावरील प्रतिबंधक औषधाची गरज होती; प्रत्यक्षात सुमारे ७ कोटी ५३ लाख लोकांपर्यंत ते पोहोचल्याची नोंद आहे. रोगाच्या प्रसाराची नोंद ७८ देशांत झाली असून सामूहिक औषधवाटपाची गरज त्यांपैकी ५१ देशांत आहे. गरजू लोकसंख्येपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोक आफ्रिकेत राहतात. सामूहिक औषधवाटपाची गरज असलेल्या देशांत भारताचा समावेश नाही.

माणूस, पाणी आणि गोगलगाय

रोगाचे चक्र समजले की नियंत्रणाच्या जागा आपोआप दिसू लागतात. बाधित व्यक्तीची लघवी किंवा विष्ठा गोड्या पाण्यात मिसळली की अंडी फुटतात आणि त्यांतून मिरासिडियम ही सूक्ष्म अळी बाहेर पडते. तिला सुमारे एका दिवसात योग्य जातीची गोगलगाय सापडावी लागते. न सापडल्यास ती मरते. गोगलगायीच्या शरीरात काही आठवडे तिची वाढ होते आणि एका अळीपासून हजारो नव्या अळ्या तयार होतात. सर्केरिया नावाच्या या अळ्या पाण्यात येतात आणि आंघोळ करणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, मासे धरणाऱ्या किंवा शेतात राबणाऱ्या माणसाच्या अखंड त्वचेतून काही मिनिटांत आत शिरतात. पुढे त्या फुप्फुसांमार्गे यकृतात जाऊन प्रौढ होतात आणि नर-मादीची जोडी रक्तवाहिनीत स्थिरावते. प्रौढ कृमी सर्वसाधारणपणे तीन ते दहा वर्षे जगतात. काही याहून कितीतरी अधिक काळ टिकतात.

या चक्रात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की हा रोग एका माणसाकडून थेट दुसऱ्याला होत नाही. मधे पाणी आणि गोगलगाय हवीच. दुसरी अशी की कोणतीही गोगलगाय चालत नाही. आफ्रिकेत हिमॅटोबियमला बुलिनस, मॅन्सोनीला बायोम्फॅलेरिया, तर चीनमध्ये जपोनिकमला ऑन्कोमेलानिया या वंशाच्या गोगलगायी लागतात. या गोगलगायी भारतातील गोड्या पाण्यात नैसर्गिकरीत्या नसल्याने आपल्या देशात मानवी शिस्टोसोमियासिस पसरला नाही, असे सर्वसाधारण मत होते. गिमवीने त्या समजुतीला धक्का दिला.

गिमवीची नोंद

गिमवी हे रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यातील गाव आहे. आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शाह यांनी १९५२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल सायन्सेस’मध्ये तत्कालीन मुंबई राज्यातील मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसच्या या स्थानिक केंद्राची माहिती प्रसिद्ध केली. लघवीतून रक्त जाणारे रुग्ण आणि त्यांच्या लघवीत सापडलेली कृमींची अंडी यांवरून हा शोध लागला. परदेश प्रवास न केलेल्या ग्रामस्थांना गावातच बाधा झाली होती, ही बाब सर्वांत महत्त्वाची होती.

बुलिनस गोगलगाय नसताना येथे रोग कसा टिकला, हा पुढचा प्रश्न होता. गाडगीळ व सहकाऱ्यांच्या नंतरच्या अभ्यासांत फेरिसिया टेनुइस या गोड्या पाण्यातील अगदी लहान, टोपीसारखे कवच असलेल्या गोगलगायीकडे बोट दाखविले गेले. परजीवी नेमका आफ्रिकेतील हिमॅटोबियमच आहे की निराळा, यावरही चर्चा झाली आणि त्यासाठी शिस्टोसोमा गिमविकम असे गावाच्या नावावरून आलेले नावही सुचविले गेले. मुंबईच्या हाफकीन संस्थेचे बी. बी. गायतोंडे आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये या गावाचा नव्याने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. कोकणातील एका खेड्याचे नाव त्यामुळे जगभरच्या परजीवीशास्त्राच्या ग्रंथांत गेले.

गिमवीपासून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. विशिष्ट गोगलगाय देशात नाही म्हणून रोग येणारच नाही, असे गृहीत धरता येत नाही. असाच अनुभव युरोपला अलीकडे आला. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरील काव्हू नदीत २०१३ मध्ये पोहलेल्या पर्यटकांना आणि रहिवाशांना मूत्रमार्गाचा शिस्टोसोमियासिस झाल्याचे २०१४ मध्ये उघड झाले. बाहेरून आलेल्या बाधित व्यक्तीमार्फत परजीवी तेथील पाण्यात पोहोचला आणि तेथील गोगलगायीत रुजला, असा निष्कर्ष निघाला.

सरोवराकाठची पाणथळ : चीनचा अनुभव

सरोवरे आणि त्यांच्याभोवतीच्या पाणथळ भागांत या रोगाशी झुंजण्याचा सर्वांत दीर्घ अनुभव चीनच्या यांगत्से नदीच्या खोऱ्यातील पोयांग आणि डोंगटिंग सरोवरांचा आहे. पावसाळ्यात ही सरोवरे पसरतात आणि हिवाळ्यात आटून विस्तीर्ण गवताळ पट्टे मोकळे होतात. जमीन व पाणी या दोन्हींत राहू शकणारी ऑन्कोमेलानिया गोगलगाय या पट्ट्यांत वाढते. त्याच गवतावर रेडे, म्हशी व गाई चरतात आणि त्याच पाण्यात मच्छीमार व शेतकरी उतरतात. जपोनिकम जातीचे कृमी गुरांनाही बाधतात. त्यामुळे सर्व माणसांवर उपचार झाले तरी गुरांच्या शेणातून अंडी पाण्यात येतच राहतात.

चीनने १९५०च्या दशकात या रोगाविरुद्ध देशव्यापी मोहीम उभारली. त्या वेळी बाधितांची संख्या सुमारे १ कोटी १६ लाख मानली जात होती. जुने कालवे बुजवून नवे खणणे, गोगलगायी मातीखाली गाडणे आणि रुग्णांवर उपचार करणे यांवर भर होता. सपाट शेतीच्या प्रदेशांत यश आले; सरोवराकाठच्या पाणथळींत मात्र रोग टिकून राहिला, कारण दरवर्षीच्या पुरानंतर गोगलगायी पुन्हा पसरत. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने १९९२ ते २००१ या काळात मोठ्या प्रमाणावर औषधोपचार झाला आणि बाधितांची संख्या घटली. १९९८च्या महापुराने गोगलगायींची वस्ती विस्तारली होती. प्रकल्प संपल्यावर अनेक ठिकाणी रोगाने पुन्हा डोके वर काढले.

यानंतर धोरण बदलले. पोयांग सरोवराजवळच्या जिन्शियान परगण्यातील दोन गावांत २००५ ते २००७ या काळात केवळ औषधावर न थांबता संसर्गाच्या उगमावर उपाय करण्यात आले. गोगलगायी असलेल्या गवताळ पट्ट्यांतून गुरे हटविण्यात आली आणि शेतकऱ्यांना नांगरणीसाठी यंत्रे मिळाली. घरोघरी नळाचे पाणी आणि शौचालये देण्यात आली. होड्यांवर राहणाऱ्या मच्छीमारांना मैला साठविण्याची भांडी पुरविण्यात आली, जेणेकरून तो सरोवरात जाणार नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका गावातील बाधितांचे प्रमाण ११.३ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर, तर दुसऱ्या गावातील ४ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आले.

या प्रयोगात उपजीविकेचा विचार झाला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मच्छीमाराला पाण्यात उतरू नको, असे सांगून भागत नाही. कारण त्याचे पोट पाण्यावर आहे. रेडा काढून घेतला तर नांगरणीची दुसरी सोय द्यावी लागते. पाण्याशी संबंध ठेवूनच जगणाऱ्या समाजात केवळ उपदेशावर उभा राहिलेला कार्यक्रम टिकत नाही.

धरणे, कोळंबी आणि पाणवनस्पती

माणसाने पाण्याची रचना बदलली की रोगही बदलतो, याचे उदाहरण सेनेगलमध्ये मिळते. समुद्राचे खारे पाणी रोखण्यासाठी सेनेगल नदीवर बांधलेले दियामा धरण १९८६ मध्ये पूर्ण झाले. कालव्यांमुळे ऊसशेती व भातशेती वाढली; परंतु गोडे, संथ पाणी गोगलगायींना मानवले. रिशार-टोल या गावी १९८८ मध्ये आतड्याच्या शिस्टोसोमियासिसचे रुग्ण आढळले आणि काही वर्षांतच हा भाग जगातील तीव्र प्रादुर्भावाच्या भागांत गणला जाऊ लागला. धरणामुळे प्रजननासाठी खाडीकडे जाणाऱ्या नदीतील मोठ्या कोळंबीचा मार्गही अडला. ही कोळंबी गोगलगायी खाते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाणवठ्यावर कोळंबी पुन्हा सोडल्यावर बाधित गोगलगायी आणि माणसांतील पुनर्बाधा कमी झाल्याचे दिसले. ‘नेचर’मधील २०२३च्या दुसऱ्या अभ्यासात पाणवठ्यावरील बुडालेल्या पाणवनस्पती काढून टाकल्यावर मुलांतील पुनर्बाधा घटली, काढलेल्या वनस्पतींचा उपयोग खत आणि गुरांच्या खाद्यासाठी करता आला.

इजिप्तचा अनुभव वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावा लागतो. तेथे १९५०च्या दशकापासून १९८०च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत ग्रामीण भागात लाखो लोकांना अँटिमनीयुक्त औषधाची इंजेक्शने देण्यात आली. नीट निर्जंतुक न केलेल्या सुया पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्याने हिपॅटायटिस सी विषाणूचा मोठा प्रसार झाला, असे पुढे स्पष्ट झाले. उपचार मोहिमेची गुणवत्ता हीदेखील रोगनियंत्रणाचा भाग आहे, याची ही कटू नोंद आहे.

जपानने मात्र हा रोग संपविला. यामानाशी प्रांतातील कोफू खोऱ्यात गोगलगायींचे आश्रयस्थान असलेले शेतातील पाट सिमेंट-काँक्रीटने बांधून काढण्यात आले आणि दशकांच्या प्रयत्नांनंतर १९९६ मध्ये तेथे रोग संपल्याची घोषणा झाली.

औषध आणि त्याची मर्यादा

आज प्राझिक्वांटेल ही तोंडाने घ्यावयाची गोळी या रोगावरील मुख्य औषध आहे. सामूहिक कार्यक्रमांत ती शरीराच्या वजनानुसार, दर किलोमागे साधारणतः ४० मिलिग्रॅम या प्रमाणात एकदाच दिली जाते. औषध स्वस्त आणि सुरक्षित आहे. तथापि, ते प्रौढ कृमींना मारते. नुकत्याच शिरलेल्या अपरिपक्व कृमींवर त्याचा प्रभाव कमी पडतो. शिवाय ते पुढील बाधा रोखत नाही. सकाळी गोळी घेतलेले मूल संध्याकाळी त्याच पाण्यात उतरले तर चक्र पुन्हा सुरू होते. या रोगावर लस उपलब्ध नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत, प्रादुर्भाव १० टक्के वा अधिक असलेल्या समाजांत दोन वर्षांवरील सर्वांना दरवर्षी औषध देण्याची शिफारस केली. त्याबरोबरच आरोग्यशिक्षण, शुद्ध पाणी, शौचालये आणि गोगलगायींचे नियंत्रण यांचीही जोड सांगितली आहे. गोगलगायींविरुद्ध निक्लोसमाइड हे रसायन वापरले जाते. ते माशांनाही मारक असल्याने प्रशिक्षित यंत्रणेनेच ठरावीक जागी वापरावयाचे असते.

नारूची आठवण

पाणवठा बदलून रोग हटविण्याचा अनुभव भारताला नवा नाही. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत नारू रोगाने खेडीच्या खेडी त्रस्त होती. त्यावर लस नव्हती आणि परिणामकारक औषधही नव्हते. पायऱ्या उतरून पाण्यात शिरण्याच्या बारवा व विहिरी बंदिस्त करणे, हातपंप देणे, पाणी कापडाने गाळणे आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणे या उपायांनी तो हटला. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. शिस्टोसोमियासिसमध्ये पाणी पिण्यापेक्षा पाण्यात उतरणे धोक्याचे असते, हा फरक असला तरी पाणवठ्याची शिस्त हेच दोन्हींचे मूळ सूत्र आहे.

भारतातील चालू प्रश्न : गुरांचा आजार

मानवी रोग भारतात व्यापक नसला तरी शिस्टोसोमा वंशाचे कृमी देशभरच्या गुरांत आढळतात. शिस्टोसोमा नेझाले ही जात जनावरांच्या नाकातील रक्तवाहिन्यांत राहते. तिच्यामुळे नाकात फुलकोबीसारख्या गाठी येतात, स्राव वाहतो आणि जनावर श्वास घेताना घोरते. शिस्टोसोमा स्पिंडाले आणि शिस्टोसोमा इंडिकम या जाती आतड्यांच्या व यकृताच्या रक्तवाहिन्यांत राहतात. त्यांमुळे जनावर खंगते आणि उत्पादन घटते. या जातींचा प्रसार इंडोप्लॅनॉर्बिस एक्सस्टस या तळी, डबकी व भातखाचरांत सर्रास आढळणाऱ्या गोगलगायीमार्फत होतो.

गुरांच्या कृमींच्या अळ्या माणसाच्या त्वचेतही शिरतात. तेथे त्या मरतात, परंतु तीव्र खाज आणि पुरळ उठवतात. आसामच्या भातशेतीतील मजुरांत असा त्वचादाह नोंदला गेला आहे. जबलपूरचे पशुवैद्यक संशोधक एम. सी. अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकातून भारतातील या त्रासाकडे लक्ष वेधले होते. पाण्यात उतरल्यावर होणाऱ्या खाजेला बहुधा ‘पाणी लागले’ असे म्हणून सोडून दिले जाते. त्यामुळे दवाखान्यात तिची नोंद होत नाही.

शहरातील तलावांसाठी अर्थ

बेळ्ळंदूर तलावाला फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्ये लागलेल्या आगींमुळे बेंगळुरूच्या तलावांकडे देशाचे लक्ष गेले. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनंतर सांडपाणी रोखणे आणि गाळ काढणे या कामांना गती देण्यात आली. शहरातील अनेक तलावांच्या काठी आजही गुरे चरतात, गुरांसाठी गवत कापले जाते आणि मासेमारी चालते. शौचालयांची अपुरी सोय असलेल्या मजुरांच्या वस्त्याही अशा काठांवर असतात.

अशा ठिकाणी वेगळ्या महागड्या मोहिमेची गरज नाही. तलाव सुधारणेच्या कामातच आरोग्याचा विचार मिळवावा लागतो. मैलापाणी प्रक्रियेविना तलावात न सोडणे, काठावरील वस्त्यांना वापरण्याजोगी शौचालये देणे, गुरांसाठी तलावाबाहेर पाण्याचे हौद बांधणे, उतरण्याच्या जागा पाणवनस्पतींपासून मोकळ्या ठेवणे आणि गवत कापणाऱ्या व मासे धरणाऱ्या कामगारांना गमबूट व हातमोजे पुरविणे, ही कामे नेहमीच्या खर्चात बसणारी आहेत. गोगलगायींच्या जातींची अधूनमधून पाहणी आणि त्या परिसरातील गुरांची तपासणी यांची जोड मिळाल्यास बदल लवकर लक्षात येतो. यलहंका येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची पशुरोगपरिस्थितीविज्ञान संस्था कार्यरत आहे. पशुवैद्यक, महापालिका आणि सार्वजनिक आरोग्य यंत्रणा यांनी एकाच तलावाकडे एकत्र पाहणे त्यामुळे अवघड नाही.

प्रवाशांनी आणि डॉक्टरांनी घ्यावयाची काळजी

शिक्षण, नोकरी व व्यापारानिमित्त आफ्रिकेत जाणाऱ्या-येणाऱ्यांची संख्या बेंगळुरू, पुणे आणि मुंबईत मोठी आहे. प्रादुर्भाव असलेल्या देशांत तलाव, नदी किंवा कालव्याच्या गोड्या पाण्यात उतरणे टाळावे. समुद्रात किंवा क्लोरिनयुक्त तरणतलावात पोहल्याने हा रोग होत नाही. आंघोळीचे पाणी एक ते दोन दिवस साठवून ठेवल्यास किंवा एक मिनिट उकळल्यास त्यातील अळ्या निष्प्रभ होतात.

परतल्यानंतर काही आठवड्यांनी ताप, खोकला, अंगावर पित्तासारखे चट्टे किंवा लघवीतून रक्त असे लक्षण दिसल्यास प्रवासाची व पाण्यात उतरल्याची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. लघवीतील अंड्यांचे प्रमाण दुपारच्या सुमारास सर्वाधिक असल्याने सकाळी १० ते दुपारी २ या वेळेतील नमुना तपासणीस योग्य ठरतो. लघवीतून रक्त येणाऱ्या रुग्णाचे निदान मूतखडा किंवा जंतुसंसर्ग असे होणे आपल्याकडे स्वाभाविक आहे. प्रवासाविषयीचा एक प्रश्न तेथे दिशा बदलू शकतो. वेळीच निदान झाल्यास उपचार सोपा असतो, आणि त्या रुग्णामार्फत परजीवी स्थानिक पाण्यात जाण्याचा मार्गही बंद होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हा रोग सर्व ७८ देशांतून दूर करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. भारताचे काम त्या मानाने मर्यादित आहे : गिमवीची नोंद विसरू नये, गुरांतील आजाराकडे दुर्लक्ष करू नये आणि तलावात मैला जाऊ देऊ नये. यांपैकी शेवटचे काम केल्यास शिस्टोसोमियासिसच नव्हे, तर पाण्याकाठच्या इतर अनेक आजारांनाही आळा बसतो.